शनिवारची बैठक, शुगरची गोळी आणि पहाटेचा घाम

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. माझं वय 51. उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. आठ वर्षांपासून शुगर आहे. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी घेतो. गेल्या वर्षीपासून सकाळी डापाग्लिफ्लोझिन 10 सुरू केलीय, शिवाय बीपीसाठी मेटोप्रोलॉल आहे. तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) 7.8. शनिवारी कागलच्या बाजूला एका मित्राच्या रानात आमची बैठक असते. मी फक्त व्हिस्की घेतो, एक क्वार्टर, कधी थोडी जास्त. दारू आणि औषध एकत्र होऊ नये म्हणून त्या दिवशी संध्याकाळची गोळी घेत नाही.

आखाडात मटणाचा बेत होता. रात्री अकराला गाडी चालवत घरी आलो आणि झोपलो. पहाटे चारच्या सुमारास बायको जागी झाली तर मी घामानं चिंब आणि काहीतरी बरळत होतो. घरच्यांना वाटलं, जास्त झाली. मीठ घालून लिंबूपाणी पाजलं. मला शुगर म्हणून साखर घातली नाही. शेवटी शेजाऱ्यांकडचं मशीन आणलं, त्यावर 46 आली. साखरेचं पाणी दिल्यावर मी ताळ्यावर आलो. मला यातलं काहीच आठवत नाही. आमच्या डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही. सध्या श्रावण पाळतोय. गोळी घेतली नव्हती, मग शुगर उतरली कशी? व्हिस्कीत साखर नसते, मग ती चालायला हवी ना? पूर्ण सोडावीच लागेल का? बायकोनं जाहिरात बघून दारू सोडवायची पावडर मागवलीय, ती घेऊ का? आणि हल्ली तळपायांची आग होते, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर:

नमस्कार. पत्र अगदी मोकळेपणानं लिहिलंत, त्यामुळं उत्तरही स्पष्ट देता येतंय. आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. त्या पहाटे तुम्हाला दारू चढलेली नव्हती, तुमची साखर पडली होती. 46 हा आकडा छोटा नाही. 70 च्या खाली गेली की साखर कमी झाली असं आम्ही धरतो, 54 च्या खाली ती मेंदूला त्रास देण्याइतकी कमी असते. आणखी तासभर कुणाला जाग आली नसती तर झटके येणं, बेशुद्ध होणं, त्याहूनही वाईट, काहीही होऊ शकलं असतं. तुमच्या पत्नीला जाग आली आणि शेजारी मशीन होतं, म्हणून तुम्ही वाचलात.

आता तुमचा पहिला प्रश्न. गोळी घेतली नव्हती असं तुम्ही म्हणता, पण ते अर्धंच खरं आहे. संध्याकाळची घेतली नव्हती, सकाळची घेतली होती. ग्लिमेपिराइडचा असर जवळजवळ 24 तास राहतो. स्वादुपिंडाला ती इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, दारू प्यायलात की नाही, हे त्या गोळीला कळत नाही. सकाळी आठला घेतलेली गोळी पहाटे चारलाही थोडंफार काम करतच होती.

दुसऱ्या बाजूनं यकृत बंद पडलं होतं. बंद म्हणजे बिघडलं नव्हतं, दुसऱ्या कामात अडकलं होतं. आपण झोपतो तेव्हा रात्रभर रक्तात साखर सोडण्याचं काम यकृत करतं. त्याच्याकडं साखरेचं छोटं कोठार असतं, एखाद्या रात्रीच्या उपवासाला पुरेल एवढंच. ते रिकामं व्हायला लागलं की यकृत इतर पदार्थांपासून नवी साखर तयार करतं. पण अंगात दारू असली की ती जाळून बाहेर काढणं हे त्याचं पहिलं काम होतं आणि नवी साखर तयार करणं जवळपास थांबतं.

दारू जळायला वेळ किती लागतो, ते बघा. 30 मिलीच्या एका छोट्या पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं आणि बहुतेकांच्या शरीराला ते जाळायला तासभर किंवा थोडा जास्त वेळ लागतो. क्वार्टर म्हणजे 180 मिली, असे सहा पेग. आठला सुरुवात केली असेल तर यकृत रात्री दोन-तीनपर्यंत त्याच कामात असणार, एखादा पेग जास्त झाला असेल तर पहाटेपर्यंत. म्हणून दारूमुळं पडणारी साखर पिताना पडत नाही, घरी येऊन झोपल्यावर पडते. कधी कधी तर दुसऱ्या दिवशी सकाळी, नाष्ट्याला उशीर झाला की पडते. बैठकीत कुणी मशीन लावून 160 बघितली आणि 'बघ, काही होत नाही' म्हणाला, तर त्या आकड्यावर अजिबात विसंबू नका.

तिसरी गोष्ट तुमच्या ताटातली आहे आणि ती कोल्हापूरच्या माणसाला सांगावीच लागते. संध्याकाळी मटण आहे म्हणून दुपारी कमी जेवलात का? बहुतेक जण तसंच करतात. मग संध्याकाळी चकण्याला शेंगदाणे किंवा सुकं मटण, नंतर तांबड्याच्या चार वाट्या, पांढऱ्याच्या चार वाट्या, मटणाचे तुकडे, आणि भाकरी मात्र अर्धी, कारण पोट भरलेलं असतं. पोट भरतं ते खरं, पण त्या जेवणात रक्तात साखर होईल असं पीठ किंवा भात जवळजवळ नसतो. मटण आणि रस्सा म्हणजे प्रथिनं आणि तेल-चरबी. 'मी रिकाम्या पोटी पीत नाही' असं म्हणणाऱ्या माणसाची साखर पहाटे 46 का होते, ते इथं कळतं. पोट रिकामं नव्हतं, पण साखरेच्या बाजूनं ते उपाशीच होतं.

म्हणजे सकाळची गोळी अंगात, यकृत दारूत गुंतलेलं आणि ताटात भाकरी नाही. हे तिन्ही एका रात्री जुळून आलं. संध्याकाळची गोळी न घेतल्यानं यातलं काहीच टळलं नाही. घेतली असती तर आणखी वाईट झालं असतं हे खरं आहे, म्हणून गोळी चुकवल्याबद्दल तुम्हाला रागावणार नाही. पण गोळी चुकवली म्हणजे दारू सुरक्षित झाली, हा हिशेब डोक्यातून काढून टाका. त्याचं आणखी एक नुकसान आहे. दर शनिवारी एक मात्रा तुम्ही मनानं गाळता आणि डॉक्टर 7.8 बघून समजतात की औषध कमी पडतंय. मग ते मात्रा वाढवतात आणि पुढच्या शनिवारी धोका आणखी वाढतो. तुमच्या डॉक्टरांना अर्धी माहिती आहे, त्यामुळं त्यांचा निर्णय अर्ध्या माहितीवरच होणार.

आता हे उत्तर तुमच्या पत्नीला वाचायला द्या, कारण पुढचा भाग त्यांच्यासाठी आहे.

वहिनी, साखर पडलेला माणूस आणि दारू चढलेला माणूस दिसायला सारखेच असतात. तोल जाणं, जीभ जड होणं, बरळणं, उगाच चिडणं, विचारलेलं न कळणं, हे दोन्हीकडं असतं. तोंडाला दारूचा वास येत असला की घरचे, शेजारी, कधी कधी दवाखान्यातलेसुद्धा म्हणतात, झोपू दे, उतरेल. ते झोपू देणंच धोक्याचं आहे. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस पिऊन आलाय आणि विचित्र वागतोय, तर आधी बोटाला सुई टोचून साखर बघायची, मग काय ते ठरवायचं. मशीन नसेल तर साखर पडली आहे असं धरूनच चालायचं. साखर दिली आणि ती पडलेली नव्हती, तर काही तासांपुरती थोडी वाढेल, एवढंच. पडलेली असताना दिली नाही, तर मेंदूला इजा होऊ शकते.

तुमचे मिस्टर मेटोप्रोलॉल घेतात, त्यामुळं आणखी एक अडचण आहे. साखर पडताना हात थरथरतात, छातीत धडधडतं, या एरवीच्या खुणा ही गोळी झाकून टाकते. घाम मात्र ती झाकत नाही. म्हणून तुमच्या घरात घाम हीच मुख्य खूण समजा. पंखा चालू असताना उशी भिजलीय, मान आणि पाठ ओली आहे, अंग गार लागतंय, की लगेच उठवा.

माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन ते चार चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून द्या. आपल्याकडं घरोघरी गूळ असतो, पण पहाटेच्या त्या वेळी गुळाचा खडा चघळायला देऊ नका, तो विरघळायला वेळ लागतो आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशात अडकू शकतो. चॉकलेट, पेढा, दूध यांनीही साखर लवकर चढत नाही. 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर द्या. वर आली की बिस्किटं नाहीतर भाकरी-दूध द्या, कारण ग्लिमेपिराइडमुळं पडलेली साखर वर येऊन पुन्हा पडते. दारूही अंगात असेल तर हे हमखास होऊ शकतं. म्हणून 46 सारखा आकडा आला की साखर देऊन माणूस बोलायला लागला तरी त्याच रात्री दवाखान्यात न्यायचं. तुम्ही नेलं नाहीत, पुढं असं करू नका. तिथं काही तास ठेवून घेतात, दर थोड्या वेळानं साखर बघतात, ते गरजेचं असतं.

शुद्ध नसेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. लिंबूपाणी नाही, साखरेचं पाणी नाही, कांदा हुंगवत बसणं नाही. कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही, आणि 108 ला फोन करा. फोनवर 'शुगरचा पेशंट आहे, गोळी चालू आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा. 'पिऊन आलाय' हेही सांगा, लपवू नका, पण ते दुसऱ्या वाक्यात.

आता पुन्हा तुमच्याकडं वळतो. व्हिस्कीत साखर नसते, हे बरोबर आहे. पण वर सांगितलेला सगळा गोंधळ साखरेमुळं झालेला नाही, अल्कोहोलमुळं झालाय, आणि ते व्हिस्कीत, रममध्ये, बिअरमध्ये, वाइनमध्ये, सगळ्यांत तेच असतं. बिअर हलकी म्हणून ती घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या एका बाटलीत 30 मिलीच्या चार पेगांएवढं अल्कोहोल असतं, आणि वर पिष्टमय पदार्थही असतात. वाइन हृदयाला चांगली, असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट म्हटलंय की आरोग्याच्या दृष्टीनं दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही. व्हिस्कीत साखर नसली तरी उष्मांक असतात. एका क्वार्टरमध्ये सव्वाचारशेच्या आसपास, म्हणजे चार साध्या चपात्यांएवढे, आणि त्यातून पोषण काहीच मिळत नाही. हे सगळं पोटाच्या घेरात आणि यकृताच्या चरबीत जमा होतं, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी वाढते, सकाळचं बीपी वाढतं. त्यात कोल्ड्रिंक घालत असाल तर साखर नसलेल्या व्हिस्कीत एका ग्लासाला 25 ग्रॅमच्या आसपास साखर तुम्हीच घालता.

तुमच्या दोन गोळ्यांविषयी वेगळं सांगायला हवं. मेटफॉर्मिन हे चांगलं, जुनं, भरवशाचं औषध आहे, ते एकट्यानं सहसा साखर पाडत नाही. पण खूप दारू प्यायल्यावर, शरीरातलं पाणी कमी झाल्यावर किंवा मूत्रपिंड, यकृत कमकुवत असताना रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचा धोका असतो. हे क्वचितच घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं. घाबरून मेटफॉर्मिन बंद करू नका. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि यकृताची तपासणी वेळेवर करून घ्या.

डापाग्लिफ्लोझिनची मला जास्त काळजी वाटते, कारण त्याबद्दल पेशंटना फारसं कुणी सांगत नाही. ही गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते, सोबत पाणीही जातं. दारूनंही लघवी वाढते. शनिवारी उन्हात रानात फिरलात, पाणी कमी प्यायलात, रात्री उलट्या झाल्या, रविवारी सकाळी काही खाल्लं नाही, अशा वेळी शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढतात. एरवी असं होतं तेव्हा साखर खूप वाढलेली असते, त्यामुळं लगेच लक्षात येतं. या गोळीवर असताना साखर 180-200 च्या आसपास दिसते आणि माणूस म्हणतो, शुगर तर ठीक आहे, हँगओव्हर असेल. मळमळ थांबत नाही, पोट दुखतंय, श्वास जोरात आणि खोल चाललाय, खूप थकवा आहे, असं दिसलं तर हँगओव्हर म्हणून झोपून राहू नका. दवाखान्यात जा आणि 'मी डापाग्लिफ्लोझिन घेतो, कीटोन बघा' असं स्वतःहून सांगा. उलट्या-जुलाब असतील, जेवण जात नसेल, त्या दिवसापुरत्या डापाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन थांबवाव्या लागतात. ते कसं करायचं हे तुमच्या डॉक्टरांकडून आताच लिहून घेऊन ठेवा.

तळपायांची आग. संबंध आहे, आणि दोन-तीन बाजूंनी आहे. आठ वर्षांच्या शुगरनं पायांच्या नसा खराब होऊ शकतात. दारू त्याच नसांना स्वतंत्रपणे इजा करते. आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर ब जीवनसत्त्वांपैकी बी-12 कमी होऊ शकतं, त्यानंही पाय जळजळतात, मुंग्या येतात. बी-12 ची तपासणी करून घ्या. कमी असेल तर औषधानं भरून निघतं. पण नसांना त्रास सुरू झाल्यावर दारू चालू ठेवणं म्हणजे उपचार चालू असताना इजाही चालू ठेवणं. पायांची रोज संध्याकाळी तपासणी करा, वर्कशॉपमध्ये लोखंडाचा कीस पायात घुसला तर कळणार नाही अशी वेळ येऊ देऊ नका. चप्पल घालून मशीनवर उभं राहणं आजपासून बंद, बूट घाला.

पूर्ण सोडावीच लागेल का, हा तुमचा मुख्य प्रश्न आहे. मधुमेहाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पुरुषांना दिवसाला जास्तीत जास्त दोन आणि बाईला एक, अशी मर्यादा दिलेली असते. त्यांचं एक माप साधारण 14 ग्रॅम अल्कोहोलचं असतं, म्हणजे आपला 60 मिलीचा मोठा पेग त्यांच्या दीड मापाच्या जवळ जातो. पण ती मर्यादा कमीत कमी धोका असलेल्या माणसासाठी आहे. साखर 46 पर्यंत पडून शुद्ध हरपलेल्या, पायांच्या नसांचा त्रास सुरू झालेल्या, ग्लिमेपिराइड दोन वेळा घेणाऱ्या माणसासाठी ती नाही. माझं मत विचाराल तर तुम्ही दारू सोडावी. तुम्ही वाईट माणूस आहात म्हणून नाही, तुमच्या शरीराला आता ती परवडत नाही म्हणून. आणि तुम्ही सोडू शकाल असं मला मनापासून वाटतं, कारण तुम्ही श्रावण पाळताय. महिनाभर थेंबही न घेता राहणारा माणूस सहसा दारूच्या पूर्ण ताब्यात गेलेला नसतो. या महिन्याचा उपयोग करून घ्या. सकाळी उपाशीपोटी आणि रात्री झोपताना आठवड्यातून दोन-तीन दिवस साखर मोजून वहीत लिहा. दारूविना तुमची साखर कशी वागते ते तुम्हालाही दिसेल आणि डॉक्टरांनाही.

श्रावणाबद्दल एक इशारा. सोमवार किंवा शनिवार धरत असाल, तर उपवासाच्या दिवशी ग्लिमेपिराइड नेहमीच्या मात्रेत घेऊन नुसत्या चहावर राहणं हेही साखर पाडणारंच आहे. आणि दुसऱ्या टोकाला साबुदाण्याची खिचडी दोन ताटं खाल्ली की ती चढते. उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे विचारून घ्या.

समजा, श्रावण संपला आणि मित्रांनी बोलावलं. तुम्ही जाऊच नका असं मी म्हणणार नाही. कोल्हापुरात रानातली जेवणावळ म्हणजे नुसती दारू नव्हे, ती दोस्ती आहे, आठवडाभराच्या लेथच्या आवाजानंतरचा मोकळा वारा आहे. रस्सा प्या, भाकरी खा, गप्पा मारा, हातात सोडा-लिंबू असू द्या. मित्रांना एकदाच स्पष्ट सांगा की आखाडाच्या रात्री शुगर 46 झाली होती, वाचलो. इतकं ऐकल्यावर 'एक घे रे' म्हणणारा मित्र असेल, तर त्याच्याबद्दल विचार करावा लागेल.

आणि माझं न ऐकता घेणारच असाल, तर धोका कमी करण्यासाठी इतकं तरी पाळा. पण त्याआधी डॉक्टरांकडून गोळ्या बदलून घेतलेल्या असल्या पाहिजेत. गोळ्या आहेत तशाच असताना एक पेगही नाही. नंतर, 60 मिली ही शेवटची मर्यादा, आणि तीही महिन्यातून एखाद्या वेळी. दुपारचं जेवण नीट झालेलं असावं. आधी एक भाकरी पूर्ण खायची, मग ग्लास हातात घ्यायचा. नऊनंतर घ्यायची नाही. झोपण्यापूर्वी साखर मोजायची आणि ती 100 च्या खाली असेल तर दूध-भाकरी खाऊनच झोपायचं. सोबतच्या एका तरी मित्राला आणि घरी माहीत असायला हवं. दुसऱ्या दिवशी नाष्टा वेळेवर, झोपून राहिलो म्हणून अकराला नाही. आणि गाडी अजिबात नाही. कागलहून हायवेनं तुम्ही रात्री अकराला गाडी चालवत आलात, त्यानंतर पाच तासांनी साखर 46 होती. ती येताना उतरली असती तर तुमच्यासोबत रस्त्यावरच्या आणखी कुणाचा तरी जीव गेला असता. पत्रातली ही ओळ वाचून मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

यकृताला सूज, स्वादुपिंडाला एकदा सूज येऊन गेलेली, ट्रायग्लिसराइड 500 च्या वर, मूत्रपिंड कमजोर, किंवा एक घेतली की थांबता येत नाही, यांपैकी काही असलेल्या माणसाला वरची सवलतही नाही. आणि हातभट्टीचा विषय शुगर असो वा नसो, काढूच नये. त्यात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल असलं तर डोळे जातात, जीव जातो.

पावडरीचं सांगतो. घेऊ नका, आणि वहिनी, नकळत चहा-भाजीत घालण्यासाठी मागवली असेल तर कृपा करून घालू नका. अशा पाकिटांत काय असतं ते पाकिटावर खरं लिहिलेलं असेलच असं नाही. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. पण ते घेतल्यावर माणूस दारू प्यायला तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. म्हणून ते पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं आणि तपासण्या करूनच देतात. शुगर आणि बीपी असलेल्या माणसाला ते न सांगता देणं म्हणजे त्याच्या हृदयाशी खेळणं. पैसे गेले ते गेले, पाकीट फेकून द्या. तुमचा हेतू चांगला होता, हे त्यांनाही कळेल.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी रोज पीत असेल, सकाळी हात थरथरतात म्हणून एक पेग लागत असेल, तर त्यांनी हे पत्र वाचून उद्या एकदम बंद करू नये. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक सोडली की दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. त्यांनी दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. आपल्याकडं कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हे काम करतंय, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या गटाच्या मराठीतून बैठका होतात. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर 14446 आहे, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416, दोन्ही मोफत.

राहिलं डॉक्टरांना सांगणं. तुम्ही का लपवलंत ते मला समजतं. तपासणीच्या खोलीत शेजारी बायको असते, बाहेर ओळखीची माणसं असतात, डॉक्टर घाईत असतात. 'दोन मिनिटं एकट्यानं बोलायचंय' असं म्हणा, कुणीही डॉक्टर नाही म्हणणार नाही. आणि गोल गोल बोलू नका. 'शनिवारी एक क्वार्टर घ्यायचो, त्या दिवशी संध्याकाळची गोळी चुकवायचो, आखाडात पहाटे साखर 46 झाली होती, मला काही आठवत नाही, सध्या दारू बंद आहे', इतकं सांगितलं की पुढचं काम त्यांचं. ग्लिमेपिराइड कमी करता येईल का, किंवा तिच्या जागी सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन अशा साखर सहसा न पाडणाऱ्या गोळ्या देता येतील का, हे विचारा. सिटाग्लिप्टिनचं पेटंट 2022 मध्ये संपल्यापासून ती बरीच स्वस्त झालीय, महाग पडेल म्हणून थांबू नका. मेटोप्रोलॉलच्या जागी दुसरी बीपीची गोळी चालेल का, हेही विचारा, पण ती मनानं बंद करू नका, एकदम सोडली तर हृदयाला त्रास होतो. क्रिएटिनिन, यकृताची तपासणी, लिपिड आणि बी-12, एवढ्या तपासण्या करून घ्या. खर्चाची अडचण असेल तर सीपीआरची ओपीडी आहे.

श्रावण संपायला अजून दिवस आहेत. डॉक्टरांकडची ही भेट त्याच्या आत उरकून घ्या, आणि येताना मेडिकलमधून एक ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि ग्लुकोज पावडरचा डबा घेऊन या. डबा वहिनींच्या उशाशी ठेवा. भेटीत काय ठरलं ते कळवा.